सॅलॅमँडरच्या नख्या

रविवारी सकाळी अवोन्डेलहून, मुलाच्या परदेशातल्या घरून, निघालो ते माझ्या फुशारकीपायी. सोमवारी ईशाला, माझ्या नऊ वर्षांच्या नातीला, वर्गात एका प्राण्याबद्दल बोलायचं होतं आणि "तुला ओढ्यातला सॅलॅमँडर, बेडकाचा शेपटीवाला भाऊबंद, दाखवते," असं मी सांगून बसले होते. तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेलं. आता नातीसमोर शब्द खाली पडू देणार होते थोडीच!

मुलाने, निखिलने, जंगलाच्या तोंडाशी गाडी लावली. आत शिरण्याआधी बूट घासून औषधाने धुवावे लागतात, कारण चिखलातल्या रोगाने कौरी (इथला अवाढव्य वृक्ष) मरतो. आपण देवळाबाहेर चपला काढतो, इथे त्या धुऊन आत न्यायच्या. ब्रश देणाऱ्या स्वयंसेवक बाईंनी 'किया ओरा' (नमस्कार) म्हणत विचारलं, काय बघायला आलात? मी सांगितलं.

"आमच्या जंगलांत सॅलॅमँडर नाहीत," त्या म्हणाल्या. "स्किंक मात्र हीप्स, हवे तितके."

"आई, ऐकलंस ना?" निखिल म्हणाला.

"त्यांनी बूट बघावेत," मी म्हटलं, "प्राणी मी बघते."

ओढ्याकाठी आधी तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. उठताना शेवाळावरून घसरले आणि घोट्यापर्यंत गार पाण्यात गेले. सावरायला एक कुजका ओंडका धरला, तर त्याखाली चमकदार तपकिरी शेपूट दिसली.

"सॅलॅमँडर," मी जाहीर केलं. "ओली कातडी, खवले नाहीत, नख्या नाहीत. लिहून घे."

ईशाने काही लिहिलं नाही. ती पालथी पडून बघत राहिली.

"आजी, इट्स गॉट क्लॉज. अँड स्केल्स."

चष्मा पुसून पाहिलं. स्किंक, म्हणजे आपली सापसुरळी. दोन विमानं बदलून मी सापसुरळी बघायला आले होते. निखिलचं हसू थांबेना. मला मात्र मनापासून लाज वाटली. सोमवारी ईशा वर्गात स्किंकवर बोलली, आजीच्या चुकीसकट.

पुण्याला परतल्यावर मन स्वस्थ बसू देईना. जुन्या कॉलेजात गेले आणि प्रयोगशाळेतली सॅलॅमँडरची बरणी काढायला लावली. आधीची चिठ्ठी पुसट झाली म्हणून मीच कधीतरी माझ्या सुवाच्य अक्षरात नवी डकवली होती. बरणी खिडकीशी नेऊन भिंग लावलं. चारही पायांना नख्या होत्या, अंगभर खवले.

दरवर्षी एखादी तरी मुलगी जर्नलमध्ये त्या नख्या काढायची, आणि मी लाल शाईने खोडायचे.