पितळी फोरसाईट

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता विसरलो. ही एक मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही, कारण तिच्यात चुकलो होतो मी.

सोलापुरात निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांची शस्त्रं ठाण्यात जमा करून घेतात. तेव्हा मी ठाण्याचा प्रभारी होतो. त्या गडबडीतच भवानी पेठेतल्या एका खबऱ्याने सांगितलं, "साहेब, आमच्या गल्लीत लेथवर यंत्रमागाचे पार्ट करणारा एक टर्नर हाय की. त्याच्याकडं एका फौजीनं पिस्तुलाला नवी फोरसाईट बसवून घेतली."

फोरसाईट म्हणजे नळीच्या टोकावरचा उंचवटा. त्यावरून नेम धरतात. परवानगी नसलेल्या माणसाकडून ती बदलून घेणं बेकायदा आहे.

फौजी कुंभारी गावचा, सैन्यातून निवृत्त. शहरातल्या एका सराफी दुकानावर गार्ड होता, त्याचं पिस्तूल नुकतंच ठाण्यात जमा झालं होतं. नाव ऐकलं आणि मी कान टवकारले. आठवड्यापूर्वीच त्याच्या धाकट्या भावाने ठाण्यात अर्ज दिला होता. दोघांचा बांधावरून जुना वाद.

धाकटा म्हणाला होता, "सायेब, थोरला माज्या जिवावर उटलाय. समोरनं जातो, पर बगून न बगितल्यागत करतो. परवा तर बांधावर हुबं ऱ्हाऊन, डोळं बारीक करून माज्याकडं बगत हुता. नेम धरल्यागत!"

आता अर्ज आणि खबर जुळली. निवडणुकीनंतर पिस्तूल परत द्यावं लागणार होतं, आणि दिलं तर धाकट्याचा मुडदा पडणार, अशी माझी खात्रीच झाली.

फौजीला बोलावलं. ताठ बसला, मिशीला पीळ. झडतीत त्याच्या तंबाखूच्या डबीत दोन सुट्या फोरसाईट निघाल्या. एक मूळची, बारीक काळी. दुसरी पांढरा ठिपका दिलेली. पिस्तुलावर बसवलेली तिसरी पितळी होती, चांगली जाडजूड.

"का बदललीत?"

"ढिली झाली हुती."

"मग तीन कशाला?"

"लावून बगितल्या. पितळंची बरी वाटली."

मला संताप आला. कपडे घेताना माणूस इतकं पारखत नाही, आणि हा नेम धरायची वस्तू पसंत करत बसला होता! दोन तास ओरडून ओरडून प्रश्न विचारले. बांधाबद्दल बोलला, भावाबद्दल बोलला, पण फोरसाईटचं नाव काढलं की विषय बदलायचा. माझा संशय आणखी पक्का झाला.

पंचनाम्यासाठी पिस्तूल मागवलं. रिकामं असल्याची खात्री केली आणि सहज समोरच्या कॅलेंडरवर नेम धरला. पितळी फोरसाईटने तारखेचा अख्खा आकडा झाकून टाकला. मी थबकलो. ज्याला अचूक मारायचंय तो बारीक फोरसाईट घेईल. एवढी जाड कोण पसंत करतो? ज्याला बारीक दिसतच नाही तो!

मी आवाज खाली आणला. "फौजी, त्या कॅलेंडरवर महिना कुठला आहे?"

त्याने डोळे बारीक केले आणि चालू महिन्याचं नाव घेतलं. पान गेल्या महिन्याचं होतं. ठाण्यात कुणी उलटलंच नव्हतं.

हवालदाराने उठून पान उलटलं तेव्हा आपण पकडले गेल्याचं फौजीला समजलं. त्याची मान खाली गेली. "सायेब, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. दुकानात कळलं तर उद्या घरी बसवतील. आन् घरी बसून करू काय मी?"

अर्जाच्या चौकशीसाठी बोलावलेला धाकटा बाहेर बाकावर बसला होता. त्याला आत घेऊन सगळं सांगितलं. तो थोरल्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. "म्हंजे बांधावर तू मला बगत न्हवतास?"

"कोन हुबं हाय त्येच कळंना, म्हून बगत हुतो."

धाकटा तिथेच फरशीवर बसून रडला. मला स्वतःची लाज वाटली. अर्जातली प्रत्येक ओळ मी खुनाच्या बाजूने वाचली होती, दुसरी बाजू असू शकते हे मनातही आलं नव्हतं.

कायद्याचं काम मी सोडलं नाही. टर्नर आणि फौजी दोघांवर गुन्हा नोंदवला, परवान्याबद्दल अहवाल पाठवला. फौजीची नोकरी गेली. त्याचं मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पण न दिसणाऱ्या माणसाच्या हाती भरलेलं पिस्तूल भर बाजारपेठेत ठेवता येत नव्हतं. एवढं मात्र शिकलो, की संशय पक्का होत चालला की आधी स्वतःचीच उलटतपासणी घ्यावी.

तीन-चार महिन्यांनी धाकट्याच्या मोटरसायकलवर मागे बसून फौजी ठाण्यात आला. ऑपरेशन धाकट्यानेच करवून आणलं होतं. दारातूनच फौजीने कॅलेंडरवरचा महिना मोठ्याने वाचून दाखवला. मग जवळ येऊन माझा चेहरा निरखत राहिला.

"लई म्हातारं हाय की तुमी, सायेब," तो म्हणाला. "त्या दिवशी वरडत हुता तवा मला वाटलं, कोन तरी तरना पोरगा हाय."