पबातली अंगाई

नवरा गेल्यापासून रविवारी दुपारी मी डाउनटाउनच्या त्या जुन्या आयरिश पबात जाऊन बसते. दारू पीत नाही, लिंबू पिळलेला सोडा घेते. आमच्या या अमेरिकेतल्या डब्लिनमधल्या मराठी काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी नाकं मुरडली. मुरडू देत.

तो तिथे बासरी वाजवायचा. त्या मंडळींची पद्धत अशी की टेबलाभोवती कोंडाळं करून बसायचं, समोर कागद नाही, कुणीतरी धून सुरू करायची आणि बाकीच्यांनी ऐकून ती धरायची. एकदा त्याने सासूबाईंची अंगाई सुरू केली. त्यांनी स्वतःच रचलेली, त्याला थोपटत म्हटलेली. फिडल, अकॉर्डियन हळूहळू मागून आले. पुढे त्या लोकांनी तिला नाचाची लय दिली. "आई असती ना, तर लाटणं घेऊन धावली असती यार," तो घरी येऊन म्हणाला. पण स्वारी खूश होती. रेकॉर्डिंग मात्र त्याने कधी करू दिलं नाही. वाजवलं की संपलं, म्हणायचा. त्या हट्टाचा मला अजून राग येतो. सासूबाई गेल्या, तो गेला, आणि ती अंगाई फक्त या पबात उरली. तेवढ्यासाठी मी जात होते.

त्याच्या वेळचे वादक एकेक करून यायचे बंद झाले. परवा फिडलवर एक नवी, तिशीतली बाई होती. तिने अंगाई वाजवली, लोकांनी ठेका धरला. नंतर ती माझ्या टेबलाशी आली आणि मोठ्या प्रेमाने सांगू लागली, ही फार जुनी आयरिश धून आहे, कुणी रचली ते कुणालाच ठाऊक नाही.

"माझ्या सासूबाईंनी," मी म्हणाले.

ती हसली. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला हसतात, तसं. माझं डोकं सणकलं. "थांब, मूळची कशी होती ते म्हणून दाखवते."

मी डोळे मिटले. आमची लेक तान्ही असताना तो तिला मांडीवर घेऊन म्हणायचा, ती संथ चाल आठवली असं वाटलं आणि तोंड उघडलं. बाहेर आली ती नाचाची. थांबले, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तीच. शब्द एकही बसेना.

"हो, हीच ती!" बाई आनंदाने म्हणाली आणि माझ्यासाठी टेबलावर ठेका धरू लागली.