टेक्स्ट सात म्हणजे कोण?

बीडला कॉम्प्युटर क्लास संपवून मी डोळ्यांच्या एका दवाखान्यासाठी पेशंटच्या नोंदींचा प्रोग्राम लिहिला. माझं पहिलंच काम. स्क्रीनवरच्या चौकटींना मशीननं आपणहून दिलेली नावं मी तशीच ठेवली: टेक्स्ट एक, टेक्स्ट दोन, थेट टेक्स्ट एकोणीसपर्यंत. शिवाय कोडच्या सुरुवातीला एक ओळ टाकली, की चूक झाली तरी न थांबता पुढं जा. माझा प्रोग्राम कधी अडत नाही, याचा मला अभिमान होता.

महिन्याभरात केजहून एक म्हातारे फळवाले सुनेचा हात धरून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आले. प्रोग्रामनं काढलेल्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. मला बोलावून सिस्टर म्हणाल्या, नोंद आपण स्वतः टाइप केली होती आणि मशीननं काहीच तक्रार केली नव्हती. म्हातारे माझ्याकडे वळले.

"बेटी, मशिनीत मी न्हाई म्हणतेत. पण मी तर इथं हाय."

डॉक्टरांनी त्यांचं ऑपरेशन त्याच दिवशी केलं, ते नीट झालं. मग डॉक्टरांनी मला विचारलं, नोंदींची जुनी वही परत काढायची का. मी म्हणाले, "आठ दिवस वहीवर काढा. प्रोग्राम मीच दुरुस्त करणार."

कोड उघडला तर माझंच लिखाण मला लागेना. टेक्स्ट सात म्हणजे गाव की वय, हे कळायला अर्धा दिवस गेला. ते वय होतं. म्हाताऱ्यांना वय नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून सिस्टरांनी 'सत्तरच्या पुढं' असं लिहिलं होतं. तिथं फक्त आकडा चालायचा. नोंद नाकारली गेली, आणि माझ्या त्या एका ओळीनं ती गोष्ट दाबून टाकली.

मी ती ओळ पुसली. प्रत्येक चौकटीला तिच्यात जे असतं त्याचं नाव दिलं: नाव, गाव, वय. चूक झाली की मशीन, इंग्रजी अक्षरांत का होईना, मराठीतच सांगेल असं केलं: 'नोंद झाली नाही. वय आकड्यात लिहा.'

मग केसपेपरचे गठ्ठे यादीशी ताडून पाहिले. असे आणखी नऊ जण गळले होते. डॉक्टरांना ते सांगताना मान वर होत नव्हती. त्या नऊही जणांना मी माझ्या हातानं पोस्टकार्डं लिहिली.

आठ जण आले. नवव्या एक बाई होत्या; त्यांना आणायला त्यांच्या गावी मी स्वतः जीपनं गेले.