पेटीतली सारंगी

रोज सकाळी मी सासूबाईंच्या कपाळाला कुंकू लावत होते. सासऱ्यांची तेरवी होऊन गेली होती. सासूबाईंना ते माहीत नव्हतं.

महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही सुलतानपूरला राहत होतो. सासूबाई मुदतीच्या तापाने बुलढाण्याच्या दवाखान्यात बेशुद्ध पडल्या होत्या, आणि इकडे सासरे वांग्याच्या वाफ्यात बसल्याबसल्याच गेले. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बजावलं, "त्या उठून चालायला लागेपर्यंत सांगू नका. धक्का सोसणार नाही." गावाने ऐकलं. एस.टी.तून सासूबाईंना घरी आणलं, तेव्हा रडायला कोणी आलं नाही. आतल्या खोलीत फक्त मी जायची. ताप लागतो, हे सांगायला बरं होतं. खरं कारण म्हणजे वडिलांमागे ह्यांनी मुंडण केलं होतं. ते पाहिलं असतं तर बोलायची गरजच उरली नसती.

सासरे दुपारी जेवून बाहेरच्या ओसरीत सारंगी वाजवायला बसत. सासूबाई आत ताट घेऊन थांबत. सूर लागला की पहिला घास. चाळीस वर्षं हेच. त्यामुळे पहिल्या दुपारी पेजेची वाटी तशीच परत आली.

"आज काऊन वाजवून नाही राह्यले?"

"डोळे आले त्यांचे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशीही वाटी तशीच. डॉक्टरांनी ताकद यायला हवी म्हटलं होतं आणि त्यांच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. सारंगी सासऱ्यांच्या उशाला ठेवून त्यांच्याबरोबरच चितेवर दिली होती. शेवटी हे भजनी मंडळाची पेटी मागून आणून बसले आणि वडिलांची रोजची चाल वाजवू लागले.

आतून आवाज आला, "कोण वाजवते हे? जसं कोणी दारं उघडून राह्यलं, लावून राह्यलं."

"तेच जी, आत्याबाई."

"मंग हात मेला का त्याइचा?"

माझ्या हातातली वाटी कलली.

बाहेर येऊन मी ह्यांना सांगितलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण आपणहून काही सांगायची ती माझी पहिलीच वेळ. म्हटलं, सारंगीचा सूर असा एकदम उभा राहत नाही, तो येतो. तारांवर ओढलेला गज संपला की वळतो, आणि वळताना जरासा अडखळतो.

"तुले कसं ठाऊक?"

"जात्यावर बसून रोज ऐकलं ना."

"मंग ये, तूच वाजव, मास्तरीणबाई."

मी खरंच बसले. बोटं ह्यांची, भाता माझा. भाता कधी भरू द्यायचा नाही, हे मला लवकर कळलं. भरला की सूर सपाट होतो. थोडीच हवा ठेवली तर हात सैल पडताच सूर मरतो, पुन्हा दाबला की उठतो. गज वळायच्या जागी मी हात रोखून धरी. एक पट्टी सोडायच्या आधी ह्यांनी पुढची अर्धीच दाबायची, म्हणजे दोन सुरांमध्ये फट राहत नाही. पेटीवर गोधडी टाकली आणि तिचं तोंड रिकाम्या कणगीत वळवलं. तिथून सूर पोकळ लाकडातून आल्यासारखा येऊ लागला.

पेटी आणल्यापासून तिसऱ्या दुपारी आतून चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला.

मग रोज. एक दिवस ह्यांनी मध्येच बोटं थांबवून माझ्याकडे पाहिलं. गज वळवण्याआधी सासरे नाकाने एक लांब श्वास ओढत. तो मी ओढत होते. मला ठाऊकही नव्हतं.

त्याच दुपारी सासूबाई म्हणाल्या, "त्याइले म्हणा, खांदा शेकून घ्या. उजवा. गज जड येऊन राह्यला."

माझा उजवा खांदा सकाळपासून ठणकत होता. मी कोणालाही सांगितलं नव्हतं. चुलीमागे सासऱ्यांची कोंड्याची पुरचुंडी तशीच होती. तिनेच मी माझा खांदा शेकला.

मंगळवारी हे वांगी घेऊन हिवऱ्याच्या बाजाराला गेले ते वेळेवर परतले नाहीत. आज वाटी परत येणार, हे धरूनच मी ती आत ठेवली आणि धुणं धुवायला गेले. परत आले तर वाटी रिकामी.

"आज लय गोड वाजवलं त्याइनं," सासूबाई म्हणाल्या.

ओसरीत पेटीवर गोधडी मी बांधली तशीच होती. गाठही तीच.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "भूक लागली असन, खाल्लं. त्यात काय?" पण जरा वेळाने म्हणाले, "पेटी देऊन टाकू."

"आन् त्या उपाशी राह्यल्या मंग?"

पेटी राहिली.

दोन दिवसांनी आम्ही वाजवत असताना दारात सावली पडली. सासूबाई चौकट धरून उभ्या होत्या. स्वतःच्या पायांनी आल्या होत्या. त्यांनी पेटीकडे पाहिलंच नाही. मुलाच्या डोक्याकडे पाहिलं. केस जेमतेम फुटले होते.

ह्यांनी बोटं उचलली.

"थांबू नको," त्या म्हणाल्या. "अर्धं नसते सोडत ते."

भिंतीला टेकून त्या बसल्या. आम्ही चाल पुरी केली. माझा हात दर वळणावर अडखळत होता, आणि आता तो मी मुद्दाम अडखळवत नव्हते.

मग त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे केले. "फोडू नको. काढ." मनगटं इतकी बारीक झाली होती की बांगड्या आपोआप उतरल्या. कुंकू मी माझ्याच पदराने पुसलं.

त्यांनी विचारलं, "मंगळवारी कोण होतं मंग?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आम्ही नव्हतो जी," मी म्हटलं.

"पेज आण," त्या म्हणाल्या.

मी आणली. पेटी बंद होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या सुराशिवाय जेवल्या. निदान मला तरी काही ऐकू आलं नाही.