नाकाच्या शेंड्यावरून सरळ वर

माझ्या मावशीला माणसांची नावं आठवायची नाहीत, नाकं आठवायची. रस्त्यात कुणी थांबून चौकशी केली की ती भरभरून बोलायची, आणि तो माणूस पुढे गेला की मला सांगायची, "कोण ते देव जाणे. पण डावा कान जरा खाली आहे, फ्रेम तिरकी बसते त्याची." तिनं उभा जन्म चष्म्याच्या एका दुकानात काढला. आता त्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात आणि मी मुद्दाम पलीकडच्या फुटपाथवरून जाते.

दुकान बोळासारखं अरुंद होतं. दोन्ही भिंतींना आरसे, मध्ये गिऱ्हाइकासाठी एक बुटकी खुर्ची आणि तिच्यावर वाकड्या मानेचा दिवा. मावशी खुर्चीसमोर वाकून उभी राहायची, गिऱ्हाइकाच्या नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवायची आणि तिथून सरळ वर कपाळापर्यंत रेघ ओढायची. त्या रेघेवर फ्रेम मधोमध आली की मगच काड्या गरम करून कानामागे वाकवायची. मालकांनी तिला मापाची चांगली पट्टी आणून दिली होती. ती पट्टी बरीच वर्षं खिडकीचं दार आपटू नये म्हणून फटीत अडकवलेली होती.

तिचा एक नियम होता: फ्रेम निवडायला एकटं यायचं नाही. कारण अगदी साधं. जुना चष्मा काढला की डोळ्यांपुढे धुकं, आणि नव्या फ्रेमला अजून नंबराची काच नाही. म्हणजे आरशात बघून निवडायचं ते काहीच न दिसता. "ज्याच्या डोळ्यांवर तुमचा विश्वास आहे असं माणूस घेऊन या," असं म्हणून ती चक्क गिऱ्हाईक परत पाठवायची. मालक कपाळाला हात लावायचे. पण परत पाठवलेली माणसं कुणाला तरी बरोबर घेऊन परत यायचीच.

तिचे केस एके काळी बघण्यासारखे होते. माझी आई तिची थोरली बहीण. आजी सकाळीच कामाला जायची, त्यामुळे धाकटीची वेणी हे आईचं खातं. आई तिला दोन गुडघ्यांत धरायची, फणीचं टोक तिच्या नाकाच्या शेंड्यावर ठेवायची, तिथून सरळ वर कपाळ आणि पुढे डोक्यावरच्या दोन भोवऱ्यांच्या मधोमध भांग. एवढं झालं की वेणीला सुरुवात. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं असं सगळे चिडवायचे. मावशीनं एकही केलं नाही. "एकाचा बेत फसला की दुसरा आपोआप फसतो," असं ती म्हणायची आणि विषय संपवायची.

आई गेली त्यानंतरच्या वर्षात मावशीचे केस गळायला लागले. आधीच वय झालेलं, त्यात तो धक्का. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि धीर धरायला सांगितलं. धीर वाढला, केस काही वाढले नाहीत. कानांवरचे आणि मानेवरचे जागच्या जागी होते, पण माथ्यावर टाळू दिसायला लागली. दिव्याखाली अंधार म्हणतात. हिच्या दिव्याखाली नको इतका उजेड होता, आणि त्या उजेडात तिला दिवसभर वाकून उभं राहायचं होतं.

एक दिवस एका बाईंना तिनं नवा चष्मा चढवला. बाईंना कितीतरी महिन्यांनी स्वच्छ दिसलं, आणि पहिल्यांदा दिसली ती समोर वाकलेल्या मावशीची टाळू. त्या अगदी मायेनं म्हणाल्या, अहो, केसांना काय झालं तुमच्या? मावशीनं हसून काड्या नीट केल्या, डबी हातात दिली आणि त्यांना दारापर्यंत सोडून आली. हे तिनंच मला फोनवर सांगितलं. "नंबर अगदी बरोबर निघाला गं," ती म्हणाली.

नंतर पंधरा-वीस दिवस तिचा फोन नाही. मग एका दुपारी माझ्या घराची बेल वाजली. दार उघडलं तर समोर एक बाई उभी. काळेभोर भरघोस केस, खांद्यावर छान वळलेले.

"कोण हवंय आपल्याला?" मी विचारलं.

"मीच गं," मावशी म्हणाली.

तिचा चेहरा एवढासा झाला. मी घाईघाईनं तिला आत घेतलं, काय काय बोलत सुटले, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ती चपला काढायला खाली वाकली. चष्म्याच्या काड्या विगच्या कडेखाली शिरलेल्या होत्या. विग पुढे सरकला, त्यानं चष्म्याला ढकललं आणि दोघं मिळून तिच्या नाकावर येऊन बसले. नाकापेक्षा मोती जड. मला हसू आवरेना. ती हसली नाही, म्हणून मीही गप्प झाले.

हळूहळू सगळं बाहेर आलं. विगवाल्या बाईंकडे ती एकटीच गेली होती, कुणाला न सांगता. विग चढवताना त्यांनी चष्मा काढायला सांगितला, आणि नंतर हिनं तो लावलाच नाही. तसंच आरशात बघून, हाच द्या म्हणाली. आयुष्यभर लोकांना जे शिकवलं नेमकं तेच हिनं धाब्यावर बसवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मी म्हणणारही होते.

"मला माहीत नव्हतं का? मला सगळं माहीत होतं," ती म्हणाली. "पण आरशात धूसर अशी मीच दिसत होते, शाळेतली. चष्मा लावला असता तर ती गेली असती."

ब्रह्मज्ञान मी गिळून टाकलं. मग तिनं खरी गोष्ट सांगितली. तिनं मालकांकडून रजा घेतली होती, आणि परत आल्यावर आपल्याला आतल्या खोलीत बसवा, पुढे उभं राहायला दुसरं कुणीतरी बघा, असंही सांगून टाकलं होतं. ती आतली खोली मी बघितलेली होती. काचा घासायचं मशीन, एक बल्ब, आणि दिवसभरात जेमतेम चार शब्द बोलणारा कारागीर. आरसा नाही, खिडकी नाही, येणारंजाणारं कुणी नाही. माणसांवाचून जिचं पान हलत नाही ती तिथे महिनाभरात कोमेजली असती. मला खरोखर भीती वाटली. मी तिला म्हटलं, रजा संपायच्या आत आपण दोघी परत जाऊ त्या बाईंकडे, आणि या वेळी चष्मा लावून.

विगवाल्या बाईंची खोली एका जिन्याच्या टोकाला होती. उत्तरेकडे मोठी खिडकी, तिच्यापाशी खुर्ची, भिंतीला लागून लाकडी डोकी ओळीनं मांडलेली. बाई स्वभावानं सडेतोड होत्या. त्यांनी मावशीचा विग हातात घेतला, तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि तिच्या केसांतून बोटं फिरवली.

विगला त्या नावं ठेवत नव्हत्या. ज्यांचे सगळेच केस जातात, किंवा इतके कमी उरतात की क्लिपलाही धरायला जागा नाही, त्यांच्यासाठी विगसारखं दुसरं काही नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण मावशीचं तसं नव्हतं. फक्त माथा विरळ झाला होता. "छप्पर गळतंय म्हणून कुणी अख्खं घर पाडत नाही," त्या म्हणाल्या. हे मागच्या वेळी का नाही सांगितलंत, असं मावशीनं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की तुम्ही मला बोलू कुठे दिलंत, आल्या आल्या 'सगळं झाका' म्हणालात.

मग त्यांनी टॉपर काढला. तळहाताएवढी जाळी, तिच्यात गुंफलेले केस, खालून चार क्लिपा. माथ्यावर बसवायचा, क्लिपा आपल्याच केसांत अडकवायच्या, आणि बाजूचे, मागचे केस आपले आपण मोकळे. चष्म्याच्या काड्या आपल्या कानांवर, नेहमीसारख्या. "शाळेत कधी जमलं नाही, आता टॉपर होतेय," मावशी पुटपुटली, आणि मला हायसं वाटलं. जीभ जागेवर होती म्हणजे माणूस जागेवर होतं.

तरी ती सहजासहजी ऐकणारी नव्हती. वाकल्यावर सुटला तर? बाईंनी तिला खुर्चीतून उठवून कमरेत वाकायला लावलं आणि टॉपर ओढून दाखवला. आणखी केस गेले तर? तर तेव्हा विग, तो काही पळून जात नाही. तोवर क्लिपांच्या जागा बदलत राहा, म्हणजे त्याच त्या केसांना ओढ बसणार नाही, आणि घरी असताना काढून ठेवा. यात पांढरे केस कशाला घातलेत? कारण तुमच्या कानांवर पांढरे आहेत, बाई म्हणाल्या. काळाभोर विग समोरच्या लाकडी डोक्यावर होता आणि मावशी चष्म्यातून त्याच्याकडे बघत होती.

टॉपर बसवायचा तर आधी भांग ठरवायला हवा. नेहमीचा भांग कुठे असतो, बाईंनी विचारलं. मावशीला सांगता येईना. गेले कित्येक महिने ती टाळू झाकायला इकडचे केस तिकडे ओढत होती. भांग केव्हाच हरवला होता. तिनं डोक्यावरून हात फिरवला, एका बाजूला बोट दाखवलं, मग दुसऱ्या. तिचे डोळे भरून आले आणि तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला.

मी बाईंच्या हातातून फणी घेतली. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मला एकच रीत माहीत होती, आईची. फणीचं टोक मावशीच्या नाकाच्या शेंड्यावर ठेवलं, सरळ वर कपाळावरून नेलं, आणि दोन भोवऱ्यांच्या मधून मागे. दोन्ही भोवरे तिथेच होते. केस उरले होते थोडे, पण अगदी आज्ञाधारकपणे दोन बाजूंना पडले. बाईंनी टॉपरचा भांग त्या भांगावर ठेवला, क्लिपा लावल्या, मी वरून एकदा विंचरलं. आणि हात थांबले तेव्हा सवयीनं फणीच्या पाठीनं तिच्या डोक्यावर दोनदा टकटक केलं. मी शाळेत जाताना माझी आई रोज करायची तसं.

"झालं. जा आता," मी म्हणाले.

मावशीनं मान वर केली. चष्मा अजून मांडीवरच होता, तेव्हा तिला मी काही नीट दिसत नसणार.

"ताई असंच म्हणायची," ती म्हणाली. "अगदी असंच टकटक करून."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं आईचं ते बोलणं माझ्यापुरतं होतं. माझ्याआधी ते हिचं होतं. आम्ही दोघी त्या खिडकीशी रडलो, आणि बाई शहाण्या, त्या लाकडी डोकी पुसत बसल्या. मग मावशीनं चष्मा लावला आणि आरशात बघितलं. शाळेतली मुलगी तिथे नव्हती. होती ती आमची मावशी, थोडी पांढरी, थोडी काळी, नाक लाल झालेली. "ही चालेल," ती म्हणाली.

रजा संपल्यावर ती दुकानात गेली ती थेट दिव्याखाली. मालकांनी तिच्याकडे बघितलं, विश्रांती मानवलेली दिसते म्हणाले, आणि आतल्या खोलीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. पुढे कितीतरी वर्षं ती तिथेच उभी होती. टॉपरचं गुपित तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि ते दुकानात सगळ्यांना माहीत होतं.

मला पहिला चष्मा लागला तेव्हा मी कुणाकडे जाणार? एकटी का आलीस, असं ती आधी ओरडली, मग म्हणाली की आता आलीच आहेस तर मीच बघते. मला त्या बुटक्या खुर्चीत बसवलं. ती वाकली, दिवा तिच्या माथ्यावर आला, आणि मी डोळे ताणून तिचे केस कुठे संपतात आणि टॉपर कुठे सुरू होतो ते शोधायला लागले.

"नाक समोर ठेव," ती म्हणाली.

तिनं माझ्या नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवलं आणि सरळ वर नेलं. तो स्पर्श मी ओळखला. लहानपणी रोज सकाळी तिथेच फणीचं टोक टेकायचं. मावशी आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या तोंडावर माझ्या आईचा भांग पाडत आली होती, हे मला इतक्या वर्षांनी तिथे कळलं. तिनं फ्रेम मधोमध आणली, कानामागे काड्या चाचपल्या, आणि माझ्या डोक्यावर बोटानं दोनदा टकटक केलं.

"झालं. जा आता," ती म्हणाली.

मागे गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं, तरी मी काही वेळ त्या खुर्चीतून उठले नाही.