गरिबी बघायला आलेला पाहुणा

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही निपाणीकडच्या एका गळक्या शाळेत. तरी स्वतःच लिहायला बसलोय, कारण माझ्याबद्दल एकदा दुसऱ्याने लिहिलं होतं आणि ते फारच चांगलं लिहिलं होतं. चांगलं लिहिल्याने माणसाचं किती वाटोळं होतं, ते सांगतो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. बंगळुरात यशवंतपूरच्या एका शेडमध्ये मी वेल्डर होतो. मुलीचे पाय लहानपणीच पोलिओने गेलेले, ती चाकाच्या खुर्चीवर. पण आवाज खणखणीत, आणि मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही चालायच्या. जयनगरच्या एका कंपनीत तिला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. तिथल्या साहेबांनी सांगितलं, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारपर्यंत जागा ठेवतो, पुढे नाही. ती लगेच सरावाला लागली. सकाळी उठली की कंगवा कानाला लावायची आणि "गुड मॉर्निंग, मे आय हेल्प यू?" म्हणायची.

प्रश्न एवढाच, की जायचं कसं? बसच्या पायऱ्या उंच आणि कंडक्टरला घाई. रिक्षावाल्यांना खुर्ची दिसली की त्यांचे मीटर जागच्या जागी बिघडायचे. एवढे नाजूक मीटर मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिले नाहीत.

मग गाडी आपणच करू म्हटलं. शेडच्या फरशीवर खडूने काढली. पुढे जुनी स्कूटर, मागे दोन चाकं, मध्ये पत्र्याचा चौथरा आणि त्याला जमिनीवर टेकणारं फळकं. मुलीने खुर्चीसकट चढायचं, आकडा अडकवायचा, हँडल धरायचं. ब्रेकसुद्धा हातात. मालक म्हणाला, "अण्णा, वेल्डिंग इथेच करा, ड्यूटी सुटल्यावर." पण स्कूटर वेल्डिंगने तयार होत नाही. ती विकत घ्यावी लागते.

अशा गाडीला सरकारी मदत मिळते असं कळलं. मी आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता. पण मुलगी म्हणाली, "आप्पा, हात तुम्ही पसरू नका. फॉर्म पसरा." मग गेलो. अपंगांचं ते ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, जिन्याने. अपंगांनी वर येऊन त्रास देऊ नये म्हणून केलेली सोय असावी. तीन खेपांनी कारकून म्हणाला, "सरी, ठीक आहे, गुरुवारी चौकशीला आमचा माणूस घरी येईल."

आता सरकारचा माणूस घरी येणार म्हणजे पाहुणाच की! आमच्या घरात एक लोखंडी खाट आणि एक स्टूल. पाहुण्याला स्टुलावर बसवायचं? शेजारच्या अक्कांनी सोफा दिला, चौघांनी उचलून आणला. समोरच्यांनी टीव्ही दिला. टेबलफॅन मी शेडमधून आणला. बायकोने काजू घालून शिरा केला. मी लग्नातला कोट चढवला.

मुलगी कोपऱ्यातून बघत होती. "आप्पा, तो आपली गरिबी बघायला येतोय."

"म्हणून काय त्याला उघडंनागडं घर दाखवू?"

"सोफा तरी परत द्या."

"गप्प बस. माणूस घरी येतोय."

तो आला. पातळसा, सभ्य गृहस्थ. सोफ्यावर बसला, शिरा दोनदा घेतला, फॅनचा वारा घेतला. मग वही काढून कन्नडमध्ये विचारलं, "हे सगळं तुमचंच ना?"

मी छाती काढून म्हणालो, "मग काय शेजाऱ्यांचं?"

पंधरा दिवसांनी पत्र आलं. कुटुंबाची परिस्थिती उत्तम, मदतीची गरज नाही. मुलीने वाचून दाखवलं आणि पत्र घडी करून माझ्या कोटाच्या खिशात ठेवलं.

मी त्या माणसाला भरपूर शिव्या दिल्या. दोनदा शिरा खाऊन उलटला म्हणालो. बायको म्हणाली, "अहो, मग जाऊन खरं काय ते सांगा." मी म्हणालो, मेलो तरी नाही. सोफा आपला नाही हे सरकारी कागदावर चढवू? पोरीला पाठीवर घेऊन जयनगरला जाईन म्हणालो. तेव्हा माझं वय साठीला आलेलं, पाठ आधीच गेलेली. पण बोलायला पाठ लागत नाही.

आठवडा असाच गेला. मग एका सकाळी लक्षात आलं, घरात गुड मॉर्निंग ऐकू येत नाही. मुलगी त्या कंगव्याने नुसते केस विंचरत होती.

त्या दिवशी कोट घातला नाही. शेडच्या काळ्या कपड्यांतच दुसरा मजला चढलो. तो गृहस्थ टेबलाशी होता. उभ्या उभ्याच सांगितलं, "सोफा अक्कांचा. टीव्ही समोरच्यांचा. शिरा तेवढा आमचा."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "फॅनवर तुमच्या शेडचं नाव रंगवलेलं होतं. म्हणून तर मी विचारलं. तुम्ही होय म्हणालात, मी काय लिहिणार?" मग कागद पुढे केला. "स्वल्प लिहून द्या."

मराठीत लिहिलं, चालतं म्हणाला. 'सोफा माझा नाही.' तीन शब्द. तेवढ्यासाठी त्या टेबलाशी अर्धा तास घाम गाळला.

तो पुन्हा चौकशीला आला, स्टुलावर बसला, पाणी प्यायला. बायकोला शिरा करू दिला नाही, सरकारची दिशाभूल नको. मदत मंजूर झाली. मग गाडी झाली, पासिंग झालं, लायसन्स झालं. प्रत्येक खिडकीने एकेक सकाळ खाल्ली, पण दिवाळी गाठली.

त्या सोमवारी अक्का सोफा सोडून रस्त्यावर आल्या. मी मागून बसने येतो म्हणालो, तर मुलगी म्हणाली, "तुम्ही शेडला जा, आप्पा," आणि फळकं वर ओढून निघाली. वळणापर्यंत मी फक्त माझे वेल्डिंगचे सांधे बघत होतो. दुसरं काही बघितलं नाही, शपथ.

अकराच्या सुमाराला मालकाने हाक मारली, "अण्णा, फोन." कानाला लावला.

"गुड मॉर्निंग, मे आय हेल्प यू?"

कंपनीचा फोन घरच्या कामाला वापरायचा नसतो. मी "राँग नंबर" म्हणालो आणि ठेवून दिला.