अस्तराचा पुरावा

फरशा विकणाऱ्या त्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे तंद्रीताई म्हणत आणि तोंडावर नुसतं ताई. नाव काही वावगं नव्हतं. चहाचा कप घेऊन ती खिडकीशी उभी राहिली की चहावर साय धरायची, कप तसाच हातात, आणि कुणी खांद्याला हात लावला की दचकून वळायची. "कुठे होतात?" या प्रश्नाला ती नुसती हसायची. खरं सांगण्यासारखं नव्हतंच. ती बियाण्यांच्या एका गोदामात होती.

ते गोदाम कुठल्या गावात आहे, मुळात आहे की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं. ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

काही वर्षांपूर्वी कंपनीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली आणि सगळं पाणी खालच्या खोलीतल्या मुख्य कॉम्प्युटरवर आलं. कुणाच्या स्वयंपाकघरात कुठली फरशी जायची आहे, कुणाचा जिना अर्धाच झालाय, सगळ्या नोंदी एका दुपारीत धुऊन निघाल्या. हिशेबनीस काका एरवी हसतानाही हातचं राखून हसणारे. ते फरशांच्या गठ्ठ्यावर बसून ढसाढसा रडले. ताईला ते बघवलं नाही. आपल्या सुट्ट्या घालवून तिने एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं काम एवढंच, की मुख्य कॉम्प्युटरवर एखादी नोंद झाली रे झाली, की ती जशीच्या तशी दुसऱ्या इमारतीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवायची. एक भिजो, जळो, चोरीला जावो, दुसऱ्याकडे सगळं शाबूत.

नाव ठेवलं 'अस्तर'. ताईची आई शिवणकाम करणारी. जन्मभर तिने कोटांना अस्तरं लावली, आणि अजूनही पुढच्या खोलीत खिडकीखाली मशीन मांडून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पडदे आखूड करून देते. वरून टाका दिसला तर अस्तर फसलं, हा तिचा कायदा. लेकीने तोच प्रोग्रॅमला लावला. मधलं कनेक्शन तुटलं तर अस्तराने गुपचूप थांबायचं, जुळलं की राहिलेलं उतरवून घ्यायचं, आणि पुन्हा गुपचूप. पडद्यावर ना निरोप, ना नाव. मग तिने ते सगळ्यांसाठी खुलं केलं. कुणीही घ्या, आतलं लिखाण वाचा, हवं तसं बदला, फुकट. असल्या खुल्या प्रोग्रॅमांचा एक मोठा संग्रह इंटरनेटवर होता, देशोदेशीचे लोक तिथून लागेल ते उचलत. त्यात अस्तरालाही कोपरा मिळाला.

तिथे आवडलेल्या प्रोग्रॅमला लोक तारा देत. काहींच्या नावापुढे आभाळ भरलेलं. अस्तरापुढे दोन-चार, त्यातला एक हिशेबनीस काकांचा, तोही ताईने हात धुऊन मागे लागून मिळवलेला. अस्तर रोज कुठून कुठून उचललं जातंय एवढं आकड्यांवरून दिसायचं. पण उचलणारा माणूस आहे की आपोआप चालणारं यंत्र, हे कळायला काही मार्ग नव्हता.

मार्ग नसला की माणसं गप्प बसतात. ताईला तंद्री लागायची. बियाण्यांचं गोदाम तिथूनच आलं. तिथला गोदामवाला कोपराला रफू केलेला स्वेटर घालतो, धुळीने त्याला खोकला येतो, खोकून झालं की तो स्वतःशीच "हं, झालं" म्हणतो आणि पुढच्या पोत्याची नोंद करतो. ती नोंद अलगद दुसरीकडे उतरते आणि त्याला पत्ताही नसतो. मग एक पोहण्याचा तलाव होता. तिथे काउंटरपर्यंत ओल्या पावलांचे ठसे, आणि चाव्या देणारी बाई सारखी केस मागे सारणारी. डोळ्यांचा एक दवाखाना होता. तिथे लोक एका डोळ्यावर पट्टी लावून बाकावर ओळीने बसलेले, सगळे जरा हळू आवाजात बोलणारे. संध्याकाळी बसमधून उतरून घरी चालताना ताई उजेड असलेल्या खिडक्यांकडे मान वर करून बघायची. त्यातल्या कुठल्यातरी खिडकीच्या आत आपलं काहीतरी चालू असेल, या नुसत्या विचाराने तिला बरं वाटायचं. इतकं बरं, की एकदा ती स्वतःचं घर ओलांडून पुढे गेली.

"ध्यान आहे नुसतं," आई खिडकीतून ओरडली होती. "अगं, घर इथे आहे!"

आणि एक दिवस त्या संग्रहाकडून मेल आला. कळविण्यात येते की, 'अस्तर' या प्रोग्रॅमबाबत दीर्घकाळ एकही प्रश्न, सूचना अथवा तक्रार आढळलेली नाही. महिनाअखेरपर्यंत बाहेरच्या एखाद्या वापरकर्त्याकडून वापराचा पुरावा प्राप्त न झाल्यास प्रोग्रॅम निष्क्रिय समजून काढून टाकण्यात येईल. खाली सही नाही, नाव नाही.

बघा आता! तक्रार नाही, हाच गुन्हा. रोज कोलमडणाऱ्या, रोज शिव्या खाणाऱ्या प्रोग्रॅमांची जागा पक्की, आणि ज्याने कधी कुणाला हाक मारायची वेळ आणली नाही त्याच्या नावावर काट.

अस्तर संग्रहातून गेलं तर नवीन कुणाला ते मिळणार नाही, हे एक. पण ताईचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. कॉम्प्युटर बदलत जातात, त्याप्रमाणे अस्तरातही ती अधूनमधून दुरुस्त्या करायची, आणि त्या दुरुस्त्या लोकांपर्यंत पोचायच्या त्या संग्रहातूनच. ती वाट बंद झाली की गोदामवाल्याकडचं अस्तर हळूहळू जुनं होणार, एक दिवस उसवणार, आणि ते त्याला कळणार ते टाकी फुटल्यावरच. आणि असंही असेल, की गोदामवाला नाहीच. तो नसण्याचा विचार तिला जास्त लागला. इतकी वर्षं आपण रिकाम्या खोल्यांत हिंडत होतो की काय, असं मनात येऊन ती दोन दिवस धड जेवली नाही.

तिने जिथे जिथे लिहिता येईल तिथे लिहिलं, अस्तर वापरणारं कुणी आहे का? उत्तर नाही. येणार तरी कुठून? कुणीतरी कधीतरी ते बसवून दुसऱ्या नोकरीवर निघून गेलेला. आपल्या कोटाला अस्तर आहे हेच ज्याला माहीत नाही, तो हात वर कसा करणार?

"मी लिहून देतो ना," हिशेबनीस काका म्हणाले. "म्हणा तर सही-शिक्क्यानिशी देतो."

"घरचं चालत नाही काका. बाहेरचं पाहिजे."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग ताई, एक काम करा. एकदा बंद पाडा. बंद पडलं की बघा कसे बिळातून बाहेर येतात सगळे. माझा पगार वेळेवर झाला तर मी कधी कुणाला फोन केलाय?"

ताई हसली. पण ते वाक्य तिच्याबरोबर बसमध्ये बसलं आणि घरापर्यंत आलं. रविवारी दुपारी तिने खरंच लॅपटॉप उघडला. अस्तराच्या नव्या आवृत्तीत चारच ओळी घालायच्या होत्या. एका ठरलेल्या दिवशी अस्तर थांबेल आणि कुणी बटण दाबेपर्यंत पुढची नोंद उतरवणार नाही. जायचं काही नाही, सगळं मागे साठून राहील. फक्त लोकांना कळेल की काहीतरी थांबलंय, ते शोधतील, नाव सापडेल, तक्रार करतील. एक तक्रार आली तरी पुरे होती. चार ओळी लिहून झाल्या. पाठवायचं तेवढं बाकी होतं, आणि ती खिडकीबाहेर बघत बसली.

"चेहरा का असा?" आईने मशीन थांबवून विचारलं. "दूध नासल्यासारखा."

ताईने सांगितलं. आईला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मुद्दाम उसवायचं हे तिला चटकन कळलं. ती आधी खो-खो हसली.

"अगं, हे आमच्या शिवणाच्या दुकानातल्या मास्तरांनी केलं होतं! मी नवीन होते तेव्हा. कोट बेतणारा पुढे गिऱ्हाइकासमोर उभा, त्याची वाहवा. मास्तर मागे अस्तर लावत बसायचे, त्यांना कुत्रं विचारायचं नाही. एकदा डोकं फिरलं. एका बाईच्या कोटाची काखेतली शिवण कच्ची ठेवली. म्हणाले, येईल, विचारेल अस्तर कुणी लावलं, मग मी पुढे होतो."

"मग? आली?"

"आली तर! कोट असा घट्ट धरून आली. सगळी गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबली. मग मास्तरांजवळ येऊन हळूच म्हणते, माझंच चुकलं हो, मी हात जोरात घातला असणार. इतका चांगला कोट आणि मी असा केला." आईने पडद्याची घडी मांडीवर नीट केली. "मास्तरांनी मान खाली घालून शिवण घातली. ती बाई आभार मानत होती, आणि मास्तरांना ते ठेवायचे कुठे ते कळेना. पुढे आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत."

एवढं बोलून आईने मशीन पुन्हा चालू केलं.

ताईच्या डोळ्यांपुढे मात्र गोदाम आलं. पोत्यांच्या मधोमध गोदामवाला कॉम्प्युटरसमोर वाकून उभा, नोंद पुढे सरकत नाही. मालक मागून विचारतोय, काय केलंस? आणि तो आपल्या बोटांकडे बघत म्हणतोय, माझाच हात कुठेतरी लागला असेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नसलेल्या माणसासाठी रडणं हा शुद्ध वेडेपणा, हे तिलाही कळत होतं. पण असला तर? असला, तर तो असाच असणार होता.

तिने चारही ओळी पुसून टाकल्या. मग त्या मेलला उत्तर लिहिलं. माझ्याकडे पुरावा नाही. काढायचं तर काढा. पण ते वापरणारं कुणी असलंच, तर त्यांना आधी काहीतरी कळेल अशी सोय करता येईल का? त्यांचा काही दोष नाही. उत्तराला उत्तर येईल अशी तिची अपेक्षा नव्हती, कारण असले मेल यंत्रच पाठवतं हे तिने गृहीत धरलं होतं. महिना संपला आणि संग्रहातून अस्तराचं नाव गेलं.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. चहा गरम असतानाच संपायला लागला. हिशेबनीस काकांना ते चांगलं लक्षण वाटलं, आईला नाही. बसमधून उतरली की ती सरळ घरी यायची.

पुढच्याच रविवारी सकाळी, आई सुईत दोरा ओवत असताना, फोन वाजला. अनोळखी नंबर.

"नमस्कार. अस्तर तुमचंच ना?" आवाज पुरुषाचा, जरा चाचरणारा. "तुमचा नंबर जुन्या पानावर मिळाला. मी... म्हणजे मीच ते काढलं."

"काय काढलं?"

"अस्तर. संग्रहातून."

"म्हणजे ते माणूस काढतो?" ताईच्या तोंडून गेलं.

पलीकडे हसू आलं, थकलेलं पण खरं. "माणूसच हो. एकटाच. आधी पाच-सहा जण होतो, एकेक करून सगळे पांगले. मी नोकरी सांभाळून संध्याकाळी बसतो." मग तो गडबडीने सांगू लागला. सगळ्या संग्रहाची एक दुसरी प्रत तो वेगळ्या कॉम्प्युटरांवर ठेवतो. ती यंत्रं दर आठवड्याला लागणारे प्रोग्रॅम संग्रहातूनच घेऊन स्वतःला नव्याने मांडतात. या वेळी त्यातला एक मिळाला नाही आणि दुसरी प्रत ठप्प. "शोधून शोधून दमलो. तळाशी गेलो तर तुमचं अस्तर! मीच बसवलं होतं कधीतरी, आणि साफ विसरलो. जगाकडे पुरावा मागत होतो, आणि... जाऊ दे. परत ठेवलंय. ते सांगायला मेलच लिहीत होतो, पण लिहायला बसलं की हाताला 'कळविण्यात येते' हेच येतं. म्हणून फोन."

"बरं केलंत," ताई म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता.

"आणि तुमचं ते उत्तर," तो म्हणाला. "असल्या मेलला मला उत्तर येतं ते शिव्यांचं. तुमचं वाचून मी काढायला नको होतं. पण नियम मीच केलेला."

ताईला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाच्या आत काहीतरी टोचत होतं. गोदामवाल्याला तिने स्वेटर दिला होता, खोकला दिला होता. तलावावरच्या बाईचे केससुद्धा तिला माहीत होते. आणि ज्याने खरोखर तिला लिहिलं, त्याला तिने बसायला साधी खुर्चीदेखील दिली नव्हती. तो माणूस असेल हे तिच्या मनाला शिवलंच नाही. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"कोण आहे गं?" आईने मोठ्याने विचारलं. हल्ली तिला कमी ऐकू येतं, म्हणून तिला वाटतं सगळ्यांनाच कमी येतं.

"आई, एक माणूस आहे. अस्तर वापरणारा."

"मग अशी मख्खासारखी उभी काय? विचार की त्याला, घरी कोण कोण असतं!"

ताईने फोनवर हात धरला, पण उशीर झाला होता. मग तो म्हणाला, "इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं," आणि सांगायला लागला. ताईने खुर्ची ओढली, बसली आणि नीट ऐकू लागली.